‘फाईल प्रोसेसमध्ये आहे, मॅडम’

आमच्याकडे याला कोणी पदोन्नती म्हणत नाही. ‘प्लेसमेंट झालं का?’ असं विचारतात, नाहीतर ‘कॅसचं कुठवर आलं?’ कागदोपत्री नाव करिअर अ‍ॅडव्हान्समेंट स्कीम. मी एका अनुदानित महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते. वेतनाच्या लेव्हल १० वरून लेव्हल ११ ला जाण्यासाठी मी १४ जुलै २०२३ ला अर्ज दिला आणि वाढलेला पगार ५ मार्च २०२५ ला खात्यात पडला. मधल्या काळात जे कळलं ते आधी कुणी सांगितलं असतं, तर माझी थोडी झोप वाचली असती आणि एका सहकाऱ्याशी मी जशी वागले तशी वागले नसते. यंदा ज्यांची ड्यू डेट, म्हणजे पात्र होण्याची तारीख, आहे त्यांच्यासाठी हे सगळं लिहून ठेवते आहे.

आधी नियम थोडक्यात. ठाऊक असतील तर हा परिच्छेद सोडून द्या. विद्यापीठ अनुदान आयोगाचे विनियम १८ जुलै २०१८ चे, आणि ते आपल्या राज्यात, महाराष्ट्रात, लागू करणारा शासन निर्णय ८ मार्च २०१९ चा. लेव्हल ११ साठी पीएच.डी. असेल तर चार वर्षं सेवा, एम.फिल. असेल तर पाच, दोन्ही नसेल तर सहा. एकवीस दिवसांचा ओरिएंटेशन कोर्स हवा, शिवाय एक रिफ्रेशर किंवा त्याच्या तोडीचं काही. दरवर्षी नेमून दिलेल्या तासिकांपैकी ८० टक्के किंवा जास्त घेतल्या असतील तर शेरा ‘चांगले’, ७० ते ८० मध्ये असाल तर ‘समाधानकारक’, त्याखाली ‘असमाधानकारक’. सोबत परीक्षेची कामं, विद्यार्थ्यांचे उपक्रम, समित्या वगैरे. ड्यू डेटच्या आधी तीन महिन्यांच्या आत अर्ज देता येतो. आणि अर्ज दिल्यापासून सहा महिन्यांत महाविद्यालयानं प्रक्रिया पूर्ण करायची असते. हे शेवटचं वाक्य मी जानेवारी २०२४ पर्यंत वाचलेलंच नव्हतं. तुम्ही आधीच वाचा.

मी १९ ऑगस्ट २०१९ ला रुजू झाले, पीएच.डी. आधीच झालेली. म्हणजे ड्यू डेट १९ ऑगस्ट २०२३. मे महिन्याच्या सुट्टीत फाईल लावायला घेतली. ओरिएंटेशनच्या जागी चालणारा इंडक्शन प्रोग्रॅम २०२१ मध्ये ऑनलाइन केला होता, रिफ्रेशर २०२२ मध्ये. प्रमाणपत्रं मेलमध्ये सापडली. सापडत नव्हतं ते बाकीचं. २०२० मध्ये मी मानसिक आरोग्यावर एक वेबिनार घेतला होता, त्याला दीडशे मुलं होती, हे मला आठवत होतं. पण पत्र? अहवाल? प्राचार्यांच्या सहीचं काही? काही नाही. चार वर्षांच्या कामातलं निम्मं माझ्या डोक्यात होतं आणि डोक्याची झेरॉक्स निघत नाही. त्यामुळे पहिली सूचना: प्रत्येक कामाचं पत्र त्याच आठवड्यात मागून घ्या. नंतर मागितलं की समोरच्याला आपण संशयास्पद वाटतो आणि आपल्याला स्वतःचीच लाज वाटते.

फाईल लावायला मदत केली ती आमच्याच विभागात सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, शिकवणाऱ्या मॅडमनी. नऊ वर्षं शिकवताहेत. सेट, म्हणजे प्राध्यापकपदाची राज्य पात्रता परीक्षा, झालेली, पीएच.डी. झालेली. दोन दुपारी बसून त्यांनी पानांना पंच मारले, कडेला रंगीत टॅब लावले, पेन्सिलीनं पृष्ठ क्रमांक घातले. मी सारखी कुरकुरत होते, की चार वर्षं एवढं केलं आणि आता पुन्हा सिद्ध करत बसा. त्या मान खाली घालूनच म्हणाल्या, ‘मॅडम, माझी फाईलच नसते. त्यामुळे ती अडकत पण नाही.’ टोमणा नव्हता तो. पण त्यानंतर मी कुरकुर थांबवली, निदान त्यांच्यासमोर.

२८६ पानं झाली. तीन प्रती, म्हणजे ८५८ झेरॉक्स, पानाला एक रुपया. स्पायरलचे तिन्हींचे मिळून १८०. चौथी प्रत स्वतःसाठी काढा असं सांगेन. मी काढली नाही, आणि पुढे दोनदा स्वतःचीच फाईल बघायला परवानगी मागत उभी राहिले.

अर्ज दिला त्या दिवशी आमच्या आस्थापना, म्हणजे कर्मचाऱ्यांचे कागद बघणाऱ्या, टेबलावरच्या भाऊसाहेबांनी वरची दोन पानं उलटली, ‘व्यवस्थित लावलीय’ म्हणाले आणि फाईल मागच्या कपाटावर ठेवली. मी पोच मागितली नाही. आपल्याच कॉलेजात, रोज नमस्कार करतो त्या माणसाकडे पोच काय मागायची, असं वाटलं. आता मागते. त्यांनाही त्याचं काही वाटत नाही. वाटत असेल असं आपल्यालाच वाटतं.

मग आयक्यूएसीची, म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाची, पडताळणी. ऑगस्टमध्ये एक त्रुटी निघाली: २०२०-२१ च्या ऑनलाइन तासिकांचा हिशोब लागत नाही. त्या वर्षीचं वेळापत्रक तीनदा बदललं होतं, मीटिंगच्या लिंक कधीच्या मेलेल्या. माझ्याकडे मुलांच्या हजेरीचे स्क्रीनशॉट होते, मोबाईल बदलताना अर्धे गेलेले. शेवटी आमच्या विभागप्रमुख सरांकडच्या डायरीनं वाचवलं. सर रोज घरी बसूनही निळ्या शाईत तारीख, वर्ग, घटक, उपस्थिती लिहीत होते, स्वतःची आणि विभागातल्या सगळ्यांची. तेव्हा आम्ही हसायचो. आयक्यूएसीच्या समन्वयक मॅडमनी मात्र एक गोष्ट फार चांगली केली. त्रुटी काय, कोणत्या पानावर, काय जोडलं की मिटेल आणि कधीपर्यंत, हे त्यांनी चार ओळींत लिहून दिलं. मी धावपळ केली, दमले, पण मनात कडवटपणा आला नाही. ३० ऑगस्टला त्यांची सही झाली. ११ सप्टेंबरला विषयतज्ज्ञांची नावं मागणारं पत्र विद्यापीठाला गेलं. छाननी समितीत प्राचार्य, विभागप्रमुख आणि कुलगुरूंनी नेमलेले दोन विषयतज्ज्ञ असतात. ती दोन नावं आल्याशिवाय बैठक नाही.

इथून पुढे शांतता.

सप्टेंबरच्या शेवटी विचारलं. ‘प्रोसेसमध्ये आहे, मॅडम.’ ऑक्टोबरमध्ये विचारलं, तेच. दिवाळीनंतर विचारलं तर भाऊसाहेबांनी मान वर न करता तेच म्हटलं. ‘प्रोसेसमध्ये’ हा शब्द असा आहे की त्यावर पुढचा प्रश्नच सुचत नाही. मला विचारायला हवं होतं: पत्र गेलं त्याचा जावक क्रमांक काय? उत्तर आलं का? आलं असेल तर आवक क्रमांक काय? आकड्याचा प्रश्न विचारला की आकड्याचं उत्तर द्यावं लागतं. ‘काय झालं हो?’ असं विचारलं की ‘होईल हो’ मिळतं.

११ डिसेंबर, सोमवार. स्टाफरूममध्ये पेढ्यांचा बॉक्स फिरत होता. वाणिज्यच्या सरांची छाननी समिती शनिवारी झाली होती. ते आणि मी एकाच आठवड्यात रुजू झालो, एकाच दिवशी अर्ज दिला. इंडक्शनही एकाच बॅचला केला, रात्री असाइनमेंट अपलोड होईना म्हणून एकमेकांना फोन करत. मी पेढा घेतला, अभिनंदन म्हटलं, आणि तो पेढा कागदात गुंडाळून पर्समध्ये टाकला. तो तिथे चार दिवस होता.

मग सुरू झालं ते माझ्याच डोक्यात. सर संस्थेच्या एका पदाधिकाऱ्यांच्या गावचे आहेत. सर प्रवेश समितीत आहेत, प्राचार्यांच्या केबिनमध्ये त्यांचा चहा असतो. एक ज्येष्ठ सहकारी कॉरिडॉरमध्ये म्हणाले, ‘मॅडम, इथे काम करून होत नाही काही,’ आणि पुढे गेले. एवढं पुरलं. मी सरांच्या टेबलावर बसणं बंद केलं. त्यांनी दोनदा विचारलं, ‘तुमचं कधी?’ मला ते चिडवल्यासारखं वाटलं. मानसशास्त्राची बाई मी, आरोपणाच्या चुका, म्हणजे दुसऱ्याच्या वागण्याचं कारण आपण कसं चुकीचं लावतो ते, वर्गात शिकवते. वर्गाबाहेर त्याचा काडीचा उपयोग झाला नाही.

याच सुमारास उजवी दाढ दुखायला लागली. डेंटिस्ट म्हणाले कीड नाही, तुम्ही रात्री दात खाता. काही टेन्शन आहे का? नाही म्हटलं. नाईट गार्डचे अडीच हजार झाले. कॅसच्या खर्चात मी ते धरते.

जानेवारीत तृतीय वर्षाला औद्योगिक मानसशास्त्रात संघटनात्मक न्याय, म्हणजे कामाच्या ठिकाणी माणसांना काय न्याय्य वाटतं, हा घटक शिकवायचा होता. त्यात जेराल्ड ग्रीनबर्ग यांचा १९९० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास मी दरवर्षी सांगते. एका कंपनीनं आपल्या दोन कारखान्यांत काही आठवडे १५ टक्के पगारकपात केली. एका कारखान्यात वरिष्ठांनी कामगारांना बसवून कपात का, किती दिवस, दुसरा मार्ग का नाही, हे नीट सांगितलं, प्रश्न घेतले, दिलगिरी व्यक्त केली. दुसऱ्यात थोडक्यात घोषणा करून मोकळे झाले. कपात दोन्हीकडे सारखीच. चोऱ्या दोन्हीकडे वाढल्या, पण जिथे नीट सांगितलं नव्हतं तिथे खूपच जास्त वाढल्या.

मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, ‘मॅडम, आणि जिथे चोरायला काहीच नसतं, तिथे लोक काय करतात?’

मी काहीतरी उत्तर दिलं. तास संपला. पायऱ्या उतरताना मात्र माझा हिशोब सुरू झाला. डिसेंबरपासून मी पाचच्या ठोक्याला निघत होते. एनएसएसच्या शिबिराला दरवर्षी एक सत्र घ्यायचे, यंदा तब्येतीचं कारण सांगितलं. प्रकल्प तपासताना पूर्वी कडेला दोन-दोन ओळी लिहायचे, आता नुसती टिक. परीक्षा विभागानं मदत मागितली तर मी ‘लेखी पत्र द्या’ म्हणाले. यातलं एकही काम न केल्याचा प्राचार्यांना किंवा भाऊसाहेबांना काही फरक पडला नव्हता. पडला तो शिबिरातल्या पोरांना आणि प्रकल्प लिहिणाऱ्या मुलींना. मी चोरत होते, पण ज्यांनी माझं काही घेतलं नव्हतं त्यांच्याकडून.

१४ जानेवारीला सहा महिने पूर्ण झाले. मी विनियम पुन्हा वाचले आणि ते सहा महिन्यांचं वाक्य सापडलं. त्याच रात्री माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहिला. ज्यांना लागेल त्यांच्यासाठी: दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, एक विषय, आपल्या राज्यात दीडशे शब्दांची मर्यादा, उत्तराची मुदत तीस दिवस. शिवाय २०१६ च्या विद्यापीठ कायद्यानुसार तक्रार निवारण समिती असते, तिथेही जाता येतं. अर्ज लिहून, स्टॅम्प चिकटवून मी पर्समध्ये ठेवला. महिनाभर तो तिथेच होता, पेढ्याच्या जागी. आपल्याच कॉलेजला आरटीआय टाकायचा म्हणजे उद्यापासून चहा कुणाबरोबर प्यायचा, हा प्रश्न होता. हा भित्रेपणा असेल. पण तो कितीतरी जणांचा असतो, म्हणून सांगते.

१५ फेब्रुवारीला दुपारी कार्यालयात गेले तर टेबलावर कुणी नव्हतं. शिपाईमामा टपालाचे गठ्ठे लावत होते. मी त्यांना सहज विचारलं, ‘मामा, विद्यापीठाचं टपाल आलं की त्याची नोंद कुठे होते?’ त्यांनी आवक रजिस्टर माझ्यासमोर ठेवलं आणि स्टूलही दिलं.

लांब, लाल कापडी पाठीचं रजिस्टर. मी सप्टेंबरपासून बोट ठेवून खाली येत गेले. वीज बिल, शिष्यवृत्ती, क्रीडा स्पर्धा, शिष्यवृत्ती, कोर्टाचं काहीतरी. ३ नोव्हेंबर: ‘विषयतज्ज्ञ नामनिर्देशन, मानसशास्त्र’. शेवटच्या रकान्यात ‘आस्था.’ आणि एक सही. म्हणजे नावं दिवाळीच्या आधीच आली होती! पुढे गेले. ४ डिसेंबर: ‘तज्ज्ञ सदस्य यांची असमर्थता’. दोनपैकी एका तज्ज्ञांनी येऊ शकत नसल्याचं कळवलं होतं. त्या ओळीपुढे सहीचा रकाना कोरा.

मामा म्हणाले, ‘त्या वेळी टेबलावर कोणी नव्हतं ना. मोठे भाऊसाहेब तीस नोव्हेंबरला रिटायर झाले. नवे आठवड्यानं आले.’

निरोप समारंभाला मीच त्यांना गुलाबाचं फूल दिलं होतं.

एवढंच होतं ते. पदाधिकारी नाही, गाव नाही, केबिनमधला चहा नाही. वाणिज्यच्या दोन्ही तज्ज्ञांनी होकार दिला, माझ्या दोघांपैकी एकांनी नकार दिला, आणि नकाराचं पत्र दोन माणसांच्या मधल्या आठवड्यात पडून राहिलं. नव्या भाऊसाहेबांना हस्तांतरणाच्या यादीत माझी फाईल ‘बैठक प्रलंबित’ म्हणून मिळाली होती. ते बैठकीची वाट बघत होते. प्राचार्यांना वाटत होतं विद्यापीठाकडून नावंच आली नाहीत. मला वाटत होतं सगळ्यांना सगळं माहीत आहे आणि मला मुद्दाम सांगत नाहीत.

दुसऱ्या दिवशी दोन्ही आवक क्रमांक घालून प्राचार्यांना अर्ज दिला, पोच घेतली. अर्ध्या तासात बोलावणं आलं. मला वाटलं आता बोलणी बसणार. प्राचार्य सरांनी रजिस्टर मागवलं, स्वतः त्या ओळी वाचल्या, आणि म्हणाले, ‘ही चूक आमची आहे. तुम्हाला कुणी सांगितलं नाही, हे त्याहून वाईट झालं.’ मग भाऊसाहेबांना समोर बसवून पर्यायी तज्ज्ञाच्या नावासाठी पत्राचा मजकूर तिथेच सांगितला. २२ फेब्रुवारीला पत्र गेलं, त्याची प्रत मला मिळाली. फाईल त्या दिवशी एक इंचही पुढे गेली नव्हती, पण रात्री मी सलग सात तास झोपले. पर्समधला आरटीआय फाडून टाकला. स्टॅम्पचे दहा रुपये गेले.

हे प्रत्येकाच्या बाबतीत असंच निघेल असं मी म्हणत नाही. जिथे खरोखर अडवणूक असते, पैसे मागितले जातात, तिथे अर्ज पर्समध्ये ठेवू नका. मला म्हणायचंय ते इतकंच, की रजिस्टर बघायच्या आधीची मी आणि अडवणूक झालेला माणूस यांच्या मनात काहीही फरक नव्हता.

वाणिज्यच्या सरांकडे मी आठवडाभरानं गेले. काय सांगायचं ते ठरवून गेले होते, पण त्यांनीच विचारलं, ‘तुमच्या तज्ज्ञांचं काय झालं? मी डिसेंबरपासून विचारतोय.’ खरंच विचारत होते ते. मी चहा मागवला. झालं ते सगळं मी त्यांना सांगितलेलं नाही. हे वाचलं तर कळेल.

नवं नाव १८ मार्चला आलं. पण १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली होती. तिचा माझ्या प्लेसमेंटशी नेमका संबंध काय हे मला आजही कळलेलं नाही. पण निम्मा स्टाफ निवडणूक ड्यूटीवर, मीही दोन प्रशिक्षणांना हजर, विषयतज्ज्ञ त्यांच्या जिल्ह्यात ड्यूटीवर. या वेळी मात्र भाऊसाहेबांनी स्वतःहून सांगितलं, ‘मॅडम, जूनच्या दुसऱ्या आठवड्याशिवाय नाही, धरून चाला.’ मी धरून चालले.

११ जून २०२४ ला समिती बसली. वीस-पंचवीस मिनिटं. मी उगाच महिनाभर घाबरत होते. या टप्प्याला मुलाखत नसते, मूळ कागद दाखवायचे असतात आणि विचारतील ते सांगायचं. एका तज्ज्ञ मॅडमनी माझा एक शोधनिबंध खरंच वाचला होता, नमुना निवडीबद्दल अडचणीचा प्रश्न विचारला. मला तो आवडला. सगळं झाल्यावर त्यांनी पेन ठेवलं आणि विचारलं, ‘तुम्हाला काही सांगायचंय का?’ थिबॉ आणि वॉकर या संशोधकांनी १९७५ मध्ये हेच मांडलं होतं, की आपलं म्हणणं मांडायची संधी मिळाली तर विरोधात गेलेला निर्णयही माणसं न्याय्य मानतात. मला सांगण्यासारखं काही नव्हतं. विचारलं म्हणून बरं वाटलं.

मूळ कागदांची एक वेगळी फाईल प्लास्टिकच्या खिशांची करा, स्पायरलमधल्या क्रमानंच. समितीसमोर शोधाशोध करणं फार केविलवाणं दिसतं. आणि बाहेर पडण्याआधी इतिवृत्तात तुमचं नाव, दिनांक आणि लेव्हल नीट लिहिलंय ना ते बघा. माझ्या ड्यू डेटमध्ये ऑगस्टच्या जागी एप्रिल टाईप झालं होतं, तिथल्या तिथे बदललं.

१ जुलैला प्रस्ताव उच्च शिक्षण विभागाच्या सहसंचालक कार्यालयाला गेला. ८ ऑगस्टला त्रुटीपत्र: ‘नावात तफावत’. पीएच.डी. माहेरच्या नावानं, सेवापुस्तक सासरच्या नावानं. विवाह नोंदणी प्रमाणपत्र फाईलमध्ये होतं, पण ‘दोन्ही नावांची व्यक्ती एकच’ असल्याचं प्रतिज्ञापत्र हवं होतं. शंभरचा स्टॅम्पपेपर, टायपिंग, नोटरी मिळून साडेतीनशे रुपये आणि एक किरकोळ रजा. बायकांनो, हे आधीच करून ठेवा. पुरुष सहकाऱ्यांना हा खर्च येत नाही, हेही जाता जाता नोंदवते. सेवापुस्तकात एका नोंदीपुढे प्राचार्यांची सही राहिली होती, तीही घेतली. सेवापुस्तक वर्षातून एकदा स्वतः उघडून बघायचा तुम्हाला हक्क आहे, कुणी नाही म्हणत नाही. २१ ऑगस्टला त्रुटीपूर्तता दिली. १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली. एव्हाना मला हसू यायला लागलं होतं. मान्यता १८ डिसेंबर २०२४ ची.

पैशांचं सांगते, कारण कुणी नीट सांगत नाही. ड्यू डेटला माझं मूळ वेतन ६४,९०० होतं. लेव्हल १० मध्येच एक काल्पनिक वेतनवाढ धरायची, म्हणजे ६६,८००, आणि लेव्हल ११ मध्ये तेवढाच टप्पा असेल तर तिथे, नाहीतर त्याच्या वरच्या टप्प्यावर बसायचं. लेव्हल ११ सुरूच ६८,९०० पासून होते, म्हणून ६८,९००. १ जुलै २०२४ ची वेतनवाढ धरून ७१,०००. जुन्या हिशोबानं मी तेव्हा ६६,८०० वर होते. मूळ वेतनात फरक ४,२००, वर त्यावरचे भत्ते. स्वतः कागदावर मांडून बघा आणि मगच वेतननिश्चितीच्या पत्रकावर सही करा. समितीनं पहिल्याच वेळी पात्र ठरवलं तर लाभ ड्यू डेटपासून मिळतो. त्यामुळे उशीर झाला तरी तारीख बुडत नाही. हे मला नोव्हेंबर २०२३ मध्ये ठाऊक असतं तर दाढ वाचली असती. अपात्र ठरलात तर मात्र पुन्हा अर्जासाठी किमान एक वर्ष थांबावं लागतं. म्हणून कच्ची फाईल घाईनं देऊ नका.

फरकाची थकबाकी हे लिहीपर्यंत आलेली नाही. बिल गेलंय. जावक क्रमांक माझ्याकडे आहे.

पगाराच्या दिवशी मी पेढे नेले. सीएचबीच्या मॅडमना पहिला दिला. त्यांचं मागच्या सत्राचं मानधन अजून निघालेलं नव्हतं. त्यांनी पेढा तिथेच उभ्याउभ्या खाल्ला, हात पुसले आणि म्हणाल्या, ‘टॅब टिकले ना शेवटपर्यंत?’ टिकले होते.

जूनमध्ये आम्ही तिघांनी, म्हणजे मी, वाणिज्यचे सर आणि आयक्यूएसीच्या मॅडमनी, प्राचार्यांकडे एक विनंती केली: कॅसच्या प्रत्येक प्रस्तावाची सद्यस्थिती स्टाफरूमच्या फळ्यावर लावावी. थोडी का-कू झाली, मग हो म्हणाले. एक साधा तक्ता आहे. नाव, अर्जाचा दिनांक, सध्या कुठे, कधीपासून, कारण. भाऊसाहेब दर शनिवारी भरतात. मानधनाच्या बिलांसाठीही तसाच रकाना घ्या म्हटलं, त्यावर ‘बघू’ असं उत्तर आलं आहे. सध्या तक्त्यावर चार नावं आहेत. ग्रंथपाल सरांच्या ओळीत, कारणाच्या रकान्यात, भाऊसाहेबांनी पेन्सिलीनं लिहिलंय: ‘माझ्याकडेच आहे. सोमवारी पाठवतो.’